दहा खाटांची मावशी

मावशीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, खाटांचे नंबर राहत. पनवेलच्या बाजारात एखादा म्हातारा ओळखीचं हसला की ती विचारायची, "तीन नंबर ना तुमी? पाय कसा हाय आता?" आणि म्हातारा खरंच पाय मोडून आलेला असायचा.

ही मावशी म्हणजे माझी बायको. एका खासगी दवाखान्यात, दहा खाटांच्या वॉर्डात, तिनं वीस वर्षं आयाचं काम केलं. डॉक्टरच्या बिल्ल्यावर डॉक्टरचं नाव, सिस्टरच्या बिल्ल्यावर सिस्टरचं. हिच्या बिल्ल्यावर नुसतं 'मावशी'. मी चौथी शिकलो, कळंबोलीला टेम्पो चालवला. मला गोड लिहिता येत नाही. झालं तसं लिहितो.

तिचं एक वेड होतं, चादरीची सुरकुती. "सुरकुती म्हंजे काटा," म्हणायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून हलता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. जेवणाचा डबा अर्धा टाकून उठायची, पण ती वेळ चुकवायची नाही. नव्या शिकून आलेल्या पोरी वही काढून सांगायला लागल्या की म्हणायची, "तुज्या वहीत हाय ते बरोबरच असंल बाय. पन पाठ वहीची नाय, म्हातारीची हाय. हात घाल." पोरी तिच्याकडून हात घालायला शिकल्या, सिस्टर झाल्या, आणि तिलाच हाका मारायला लागल्या, "मावशी, बेडपॅन आणा."

मग एका वर्षी दवाखान्यानं ठरवलं, जुन्या आयांपैकी काहींना रीतसर शिकवायचं. सर्टिफिकेट, वेगळा ड्रेस आणि नावाचा बिल्ला. ही घरी आली ती चप्पल न काढताच सांगत, "अवो, बिल्ल्यावर माजं नाव येनार." दुसरीपर्यंत शिकलेली बाई. आठवडाभर जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं स्वतःचं नाव गिरवत बसली. मी म्हटलं, छापून देतात ते, तुला लिहायचं नाही. तरी गिरवलंच.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. तिच्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या दोघींचं होतं.

ती ऑफिसात गेली. तिथल्या साहेबानं कपाटातून एक कागद काढला. दोन महिन्यांपूर्वी सगळ्या कामगारांकडून भरून घेतलेला. कर्मचारी खूश आहेत का, ते बघायला. दहा ओळी इंग्रजीत, आणि प्रत्येक ओळीपुढं हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे. एकावर खूण करायची.

"मावशी, सातवा प्रश्न बघा. नवीन शिकायला मिळतं का? तुम्ही सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केलीय. ज्यांना मिळत नाही, त्यांना आधी घेतलं."

"साहेब, सात नंबरच्या बाईला त्या दिवशी घरी सोडलेली."

साहेबाला कळेना. "आणि चौथ्याला रडका का? कॅन्टीनमध्ये काय बिघडलं?"

"कॅन्टीनचं मना काय ठाव? चार नंबरच्या पोटात दुखत व्हतं."

तेच चेहरे वॉर्डाच्या भिंतीवर लावलेले होते. किती दुखतंय ते पेशंटनं बोटानं दाखवायचं. दहा ओळी, दहा खाटा. सुपरवायझर म्हणाली, पटकन भरून दे. हिनं वॉर्डात फेरी मारली, एकेकाला विचारलं आणि भरून दिला. स्वतःबद्दल कोणी विचारील, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेब पोट धरून हसला. संध्याकाळपर्यंत सगळा दवाखाना हसला. यादी वर गेलीय, आता बदलत नाही, म्हणाला. कॅन्टीनला मात्र नवा आचारी आला.

घरी येऊन तिनं मला सांगितलं. मी पण हसलो. येडी हायस, म्हटलं. ती म्हणाली, "ते चेहरे दुखनं इचारायलाच असतात ना?" आणि भाकऱ्या थापायला बसली. पुढच्या यादीच्या वेळी तिचं वय बसलं नाही.

काम सुटून दोन वर्षं झाली आणि तिची डावी बाजू गेली. त्याच वॉर्डात ठेवली, सात नंबरला. खाटेच्या कार्डावर तिचं पूर्ण नाव होतं. त्या दवाखान्यात ते पहिल्यांदा लिहिलं गेलं. तिथली दर्शना सिस्टर हिच्याच हाताखाली शिकलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर ताणायची. महिना झाला, पाठीला ओरखडा नाही. मावशीला बोलता येत नव्हतं. चादर ताणली की फक्त उजव्या हातानं चाचपून बघायची.

ती गेली त्या दुपारी काउंटरवर मला एक कागद दिला. बाबा, आमची सेवा कशी वाटली, तेवढं भरा, म्हणाले. दहा ओळी, आणि पुढं तेच चेहरे.

मी कागद घेऊन वॉर्डात परत गेलो. दर्शना रिकाम्या खाटेपाशी उभी होती. तिला म्हटलं, "एक नंबरचा कसा आहे आज?"

तिनं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बरा आहे, बाबा."

"दोन?"

"त्याला दुखतंय थोडं."

असं विचारत विचारत मी सहापर्यंत भरलं. सातव्या ओळीला तिला विचारलं नाही. शेवटच्या, रडक्या चेहऱ्यावर खूण केली, पेन दाबून, आणि म्हटलं, "आठ?"