न बघता सांगितलेली प्रत

भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात मी शेड मॅचिंग करायचो. रंग दिलेले दोन पत्रे शेजारी ठेवायचे, डोळ्यांना दिसेल तो फरक सांगायचा — विषय संपला. तरी हे लिहितोय, कारण त्या हिवाळ्यात घडलेलं मला आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नेरूळला, शिरवण्याच्या बाजूला, आम्ही नवीन राहायला आलो होतो. तळमजल्यावर मी, आई आणि वसुधाताई. अर्ध्या बिल्डिंगी रिकाम्याच होत्या, त्यामुळे गच्चीवरून आकाश काळंभोर दिसायचं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवायची. अकराव्या वर्षापासून डायबेटिस. लग्न केलं नाही. नाद एकच — मीरा नावाचा तारा.

हा रूपविकारी तारा. म्हणजे मंद होत होत दिसेनासा होतो आणि साधारण अकरा महिन्यांनी पुन्हा उजळतो. किती उजळला, म्हणजे त्याची प्रत किती, हे शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ठरवायचं. एक तारा अडीच प्रतीचा, दुसरा साडेतीनचा. मीरा दोघांच्या बरोबर मधला वाटला तर तीन. आकडा लहान तितका तारा तेजस्वी. हे आकडे ताई पुण्याच्या एका गृहस्थांना पाठवायची. देशभरातल्या हौशी लोकांची निरीक्षणं ते एकत्र करायचे.

त्या उन्हाळ्यात ताईचे दोन्ही डोळे गेले. किडन्याही जात चालल्या होत्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं... ताईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ऑक्टोबरात ती म्हणाली, "मीरा वर यायला लागला असेल. आता तू बघ आणि मला येऊन सांग."

शिकलो. जेवण झालं की गच्चीवर जायचं, खाली येऊन आकडा सांगायचा. ती खुर्चीत बसून मान डोलवायची.

एक दिवस ओव्हरटाइम करून आलो होतो. गच्चीपर्यंत चढायचा कंटाळा आला. जिन्यातच दहा मिनिटं बसलो आणि खाली येऊन ठोकून दिलं, "चार."

ताई म्हणाली, "अरे, तीन पूर्णांक चार आहे आज. जाऊन बघ ना."

रागावली नव्हती, हसत होती. मी वर गेलो. साडेतीनच्या ताऱ्यापेक्षा मीरा किंचित उजळ... तीन पूर्णांक चार!

म्हटलं, अंदाज असेल. इतकी वर्षं पाहिलेला तारा. पण आदल्या आकड्यांवरून वाटेल त्यापेक्षा तो फार झपाट्याने चढला होता, हे मला वर गेल्यावरच कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी आधी तिला विचारायचो, चिठ्ठीवर लिहायचो आणि मग वर जायचो. फरक पडलाच तर एका दशांशाचा. मधे तीन दिवस ढगाळ होतं, मला काही दिसलं नाही. ताईने तिन्ही दिवस आकडे दिले. मी वहीत दोन कॉलम आखले — एक माझा, एक 'व'चा.

"ताई, तुला कळतं कसं?"

"कळत नाही रे, दिसतो." ती म्हणाली, "बाकी काहीच दिसत नाही. तुझं तोंडसुद्धा आठवून बघावं लागतं."

मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

नोव्हेंबरअखेर तिला ॲडमिट केलं. तिथेही ती रोज आकडा सांगायची. एका संध्याकाळी मी विचारलं, "आज किती?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "आज नाही दिसत. ढग आहेत का रे बाहेर?"

खिडकीतून आकाश लख्ख दिसत होतं.

"हो," मी म्हणालो, "खूप ढग आहेत."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि माझा हात धरून झोपली. पहाटे गेली.

दिवसपाणी झाल्यावर मी दोन्ही कॉलम पुण्याला पाठवले. सोबत काहीच लिहिलं नाही. ताईच्या डोळ्यांचं त्या गृहस्थांना माहीत नव्हतं. महिन्याभराने त्यांचं पोस्टकार्ड आलं. माझे आकडे नवख्याचे वाटतात, थोडे इकडेतिकडे आहेत, असं लिहिलं होतं. आणि खाली — 'व' यांचे आकडे मात्र सगळ्यांच्या निरीक्षणांशी तंतोतंत जुळतात, ढगांमुळे तुमचा कॉलम रिकामा आहे त्या तीन दिवसांचेसुद्धा. त्यांची नजर फार चांगली आहे. त्यांना म्हणावं, निरीक्षण सोडू नका.

आईने विचारलं, "काय लिहिलंय?"

"ताईचं कौतुक केलंय."

तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं. वाचलं नाही, नुसतं मांडीवर ठेवून बसली.

ताई गेल्याचं मी त्यांना कळवलं. डोळ्यांचं नाही लिहिलं. काय लिहिणार? पुढे डॉक्टरांना विचारलं, आकाश बघणाऱ्यांना विचारलं. कोणी योगायोग म्हणालं, कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला उत्तर मिळालेलं नाही. आता तर मी विचारायचंही सोडलंय.