जाळीच्या दारातून विणलेला मफलर

ट्रक चालवण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला त्याच्या मुलीनेच घरात कोंडून ठेवलं होतं. तेही मायेपोटी.

आधी त्याला फिट आली आणि लायसन गेलं. दुसरी फिट जिन्यात आली. तो गडगडत वळणापर्यंत गेला, कपाळ फुटलं. तेव्हापासून मुलगी कामावर जाताना बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप घालायची.

"बाबा, नाहीतर मी दिवसभर जीव मुठीत धरून बसते," ती म्हणायची. तो खिडकीतून खालच्या गल्लीतल्या गाड्यांवर चरफडायचा, "अरे, स्टेअरिंग फिरव की डावीकडे!" ऐकणारं कुणी नसायचं.

शेजारी एक निवृत्त नर्स राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. दुपारी ती जिन्याच्या उजेडात स्टूल टाकून विणत बसायची. एकदा तो जाळीला नाक लावून म्हणाला, "मलाही शिकवा. डोकं फिरायची पाळी आलीय."

तिने सुया आत सरकवल्या. लोकरीचा गुंडा जाळीतून जाईना, म्हणून तो तिच्याच पिशवीत राहिला. धागा तेवढा आत गेला.

"दोन टाके सुलट, दोन उलट. प्रत्येक ओळ अशीच. मफलरला एवढंच लागतं."

पण सुलटवरून उलटकडे जाताना धागा सुयांच्या मधून पुढे घ्यायचा असतो. तो विसरायचा आणि टाका वाढायचा.

"हे जास्तीचं पिल्लू कुठून आलं?"

"क्लच न दाबता गिअर टाकलात तुम्ही," सिस्टर हसत म्हणाली.

पुष्कळ उसवून झाल्यावर उभ्या पट्ट्या उमटल्या. ओढल्या की ताणायच्या, सोडल्या की मिटायच्या. त्याने मुलीला दाखवलं.

"छान झालंय हो बाबा."

"मग किल्ली माझ्याकडे दे ना."

"तेवढं सोडून बोला."

एका दुपारी विणता विणता तो आडवा झाला. फिटच होती. सुया त्याच्या तोंडाशी पडलेल्या. सिस्टरने तो धागा धरून विणकाम सुयांसकट जाळीपर्यंत ओढून घेतलं, मुलीला फोन लावला आणि जाळी धरून उभी राहिली. आणखी काही करता येत नव्हतं.

मुलगी धापा टाकत आली तोवर तो भिंतीला टेकून बसला होता.

"मी हातभर अंतरावर होते गं," सिस्टर म्हणाली. "पण मध्ये तुझं कुलूप."

मुलीला रडू फुटलं. दुसऱ्याच दिवशी तिने आणखी एक किल्ली करून घेतली आणि सिस्टरला दिली. वडलांना नाही.

"म्हणजे जेल तेच, जेलर दोन," तो म्हणाला.

आता दुपारी सिस्टर दार उघडायची आणि तो पायरीवर बसून विणायचा. शेवटी टाके बंद कसे करायचे तेही तिने दाखवलं: दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडायचा. मुलगी तो करडा मफलर गुंडाळून कामावर गेली, तेव्हा तो खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"खाली चक्कर मारू या?" सिस्टरने एकदा विचारलं.

तो कठडा धरून उतरू लागला. पडला होता त्या वळणावर येऊन थांबला.

"आज इथपर्यंतच."

वर आल्यावर तो आत गेला. सिस्टरने कुलूप लावलं.

"उद्या अजून दोन पायऱ्या," ती म्हणाली.

"बघू," तो आतून म्हणाला. "आणि पुढची लोकर निळी आणा. करडी बघून विटलोय."