पास्कूचा फणस

'महान खेळाडू मातीतूनच घडतो,' असं आमच्या सरपंचांनी ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरून घेतलं होतं. मी तलाठी. माझा पहिला प्रश्न असा होता की कोणत्या गट नंबरच्या मातीतून.

सरपंच त्याच कामासाठी ऑफिसात आले होते. आमच्या गावाशी नातं असलेला हा क्रिकेटपटू इतका प्रसिद्ध आहे की त्याचं नाव इथे लिहायची गरज नाही. एका मुलाखतीत त्याने सांगितलं की आपले पणजोबा पास्कू मालवणजवळच्या या गावचे. ते बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि कुटुंब पुढे मुंबईला राहिलं. आठवड्याच्या आत गावात स्मारक समिती स्थापन झाली. समितीतल्या कोणीही पास्कूला पाहिलेलं नव्हतं, पण आठवणी सगळ्यांकडे होत्या.

"भाऊसाहेब, हा बघा पुरावा." सरपंचांनी सातबारा समोर ठेवला. "पास्कूचं नाव स्पष्ट आहे. हेच जन्मस्थळ. घर ताब्यात घेऊ, दुरुस्त करू, फोटो लावू. तुम्ही फक्त तहसीलदारांना रिपोर्ट द्या."

"त्या घरात कार्मेलबाय राहतात."

"तिचं नाव आहे का सातबाऱ्यावर? नाही ना. तिला पंचायतीमागची खोली देऊ. मीटर बसवून."

हे खरं होतं. कार्मेलबाय सत्तरीच्या पुढच्या, विधवा, लग्न होऊन त्या घरात आल्या त्या तिथेच. पण सातबाऱ्यावर मालक म्हणून अजून सासऱ्याचं नाव होतं. सासरा गेला, नवरा गेला, आणि वारस नोंद कोणी केली नाही. वारस नोंद म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं चढवणं. आमच्याकडे माणसं मयताची मासिक प्रार्थना चुकवत नाहीत, पण वारस नोंद दोन पिढ्या राहून जाते.

मी सातबारा नीट पाहिला. पास्कूचं नाव होतं, पण मालकाच्या रकान्यात नव्हतं. ते उजवीकडे होतं, 'इतर अधिकार' या रकान्यात. जमीन एकाची असली तरी तिच्यात दुसऱ्याचा काही हक्क असतो, वाट, विहीर, कूळ. तो तिथे लिहितात. पास्कूच्या नावापुढे नुसता फेरफार नंबर होता. फेरफार म्हणजे नोंद कशी आणि का बदलली याची वहीतली हकीकत. कॉम्प्युटरवर ती जुनी हकीकत आलेली नव्हती.

रेकॉर्ड रूमला जायच्या आधी मी मोटरसायकल कार्मेलबायकडे वळवली. त्या अंगणात सुके बांगडे उलटवत होत्या.

"इलास? कधी जावचा माका?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"अजून काही ठरलं नाही, बाय. पास्कू इथे जन्मला का?"

"जल्मलो? तो हयसर फणस काढूक येय. माझी सासू सांगी. फणस काढी, पाणी पिय, आणि जाय." मग त्यांनी हातातला बांगडा खाली ठेवला. "भाऊसाहेब, माका खोली नको. ह्या घरातसून माझी दोन माणसां कबरस्तानात गेली. तिसरी हयसूनच जातली, इतक्याच बघा."

मालवणच्या रेकॉर्ड रूममध्ये वही सापडायला दोन दिवस लागले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, मजकूर सोडला होता. पास्कूने दुसऱ्याच्या जागेत फणस लावला, वाढवला, म्हणून झाडाचा हक्क त्याचा, जमीन मालकाची. कोकणाबाहेरच्या लोकांना हे चमत्कारिक वाटतं. आमच्याकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं हे नवल नाही.

मग मी वह्यांतून पास्कूचं घर शोधू लागलो. गावच्या कुठल्याच वहीत त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. एक फणस सोडला तर इथे त्याचं काहीच नव्हतं, म्हणून तो बोटीवर गेला असणार. ज्यांची जमीन होती ते राहिले, आणि त्यांचे वारस आज स्मारक समितीत आहेत.

तहसीलदार मॅडमनी रिपोर्ट वाचला.

"म्हणजे घराचा संबंध नाही?"

"नाही. झाडाचा आहे."

"आणि त्या बाई?"

"वारस आहेत. अर्ज घेतलाय."

"मग नोटीस काढा. वाट कसली बघताय?"

पंधरा दिवसांची मुदत गेली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली. त्यांच्या नावाचा नवीन सातबारा मी स्वतः नेऊन दिला. कार्मेलबायनी तो खुर्साच्या, म्हणजे क्रुसाच्या, देव्हाऱ्यात ठेवला आणि मला चहा दिला.

सरपंच आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण पाटी तयार होती, पाहुण्यांनी तारीख दिली होती. शेवटी ती कार्मेलबायच्या परवानगीने फणसाखाली बसवली. क्रिकेटपटू आला, नमस्कार करून त्याने पाटीवरचं फडकं ओढलं. कार्मेलबायनी एक फणस पुढे केला. "घे रे बाबा, तुझोच आसा." तो उचलायला दोन माणसं लागली. फणस बरका, मऊ गऱ्यांचा होता; क्रिकेटपटूला कडक गऱ्यांचा कापा आवडतो. तो शेवटी सरपंचांच्या गाडीतून गेला.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी इतकंच शिकलो की सातबारा उजव्या बाजूपर्यंत वाचावा.

मी आता निवृत्त आहे. झाड अजून पास्कूच्याच नावावर आहे. वारस नोंदीसाठी अर्ज आलेला नाही.