ओव्हनसमोरचं स्टूल

काल महाशिवरात्रीला आमच्या सूनबाईने सोललेली रताळी आणि सफरचंदाच्या फोडी एकाच ट्रेमध्ये मांडून ओव्हनमध्ये ठेवल्या. काचेतून नुसता दिवा दिसत होता, जाळ नव्हता. रताळं मातीतलं, सफरचंद झाडावरचं. त्यांची गाठ घालायला सांगितलं कुणी? वर रताळ्याची साल काढलेली. मग त्यानं वाफ धरायची कशात?

मी स्टूल ओढून समोर बसलो.

"आबा, तिथं बसावं लागत नाही," सून म्हणाली. "झालं की ते आपलं आपण बंद होतं."

याचाच तर मला राग आहे. अंगणात मी गरम राखेत रताळी पुरायचो, तेव्हा कुणाला तरी बसावंच लागायचं, नाहीतर कोळसा व्हायचा. एक बसला की दुसरा यायचा. घरातली भांडणंसुद्धा तिथंच मिटायची. आता बसायचं कारणच ठेवलं नाही. मुलगा एका खोलीत, नात दुसऱ्या खोलीत, आणि भाजायचं काम पेटीकडं. याला म्हणे सोय! मी नाही म्हणणार.

पेटी वाजली. सुनेने ट्रे बाहेर काढला.

"मी एकटा खाणार नाही," मी म्हणालो. "उपास सगळ्यांचाच आहे ना? बोलाव त्यांना."

"आबा, तुमचा हट्ट म्हणजे ना..." म्हणत तिने हाका मारल्या. दोघं तोंडं वाकडी करत आले, पण आले. ट्रे रिकामा होईपर्यंत कुणी उठलं नाही.

रताळं गोड होतं. सफरचंदाचं त्यात काय काम होतं, ते मला अजून कळलेलं नाही.