यादवरावांनी धुतलेली गाडी

गाडी चालवणाऱ्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं ही शिक्षाच असते, आणि यादवरावांना ती त्यांच्या पोटच्या पोरानं दिली होती. प्रेमानं दिली होती, हे कबूल. "बाबा, आयुष्यभर राबलात, आता आराम करा," असं म्हणत उज्ज्वलनं दोन हजार पाच सालच्या नोव्हेंबरात आई-बाबांना तीन महिन्यांसाठी जर्मनीला आणलं. घर हार्त्सच्या डोंगरात, एका लहानशा गावात. सून क्षमा तिथून जवळच्याच विद्यापीठात पीएचडी करत होती आणि उज्ज्वल कामासाठी रोज ब्राउनश्वाइगला जात होता. सकाळी दोघं बाहेर पडली की घरात उरायच्या अंजनाबाई, त्यांचं विणकाम आणि खिडकीपाशी यादवराव.

हे हात तीस-बत्तीस वर्षं जालना डेपोत एसटीचं स्टिअरिंग धरलेले. लग्नसराईत टपापर्यंत भरलेली गाडी, बंद पडलेले वायपर, घाटात समोरून येणारा उसाचा ट्रक, सगळं त्या हातांनी निभावलेलं. आता त्यांच्यात चहाचा कप, तोही दर तासाला. "एवढं बसू नका हो, मुळं फुटतील," अंजनाबाई म्हणायच्या. यादवराव नुसतं हुं करायचे. ह्या देशात बसचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवत नाही, ह्याचंच त्यांना आठवडाभर वाईट वाटत होतं.

मग बर्फ पडला, आणि समोरच्या घरातून ती गाडी बाहेर आली.

पुढे दोन पट्ट्या, लाकडी फळ्यांसारख्या. मागे चाकांच्या जागी रबराचा रुंद पट्टा. वर स्कूटरसारखं हँडल. स्नोमोबाइल म्हणतात तिला, हे क्षमानं संध्याकाळी सांगितलं. पण गाडी दिसली तेव्हाच यादवराव एका पायात बूट आणि एका पायात स्लीपर घालून रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. गाडीमागे घसरगाडी जोडलेली, तिच्यावर गवताचे भारे, आणि चालवणारा सत्तरी ओलांडलेला, एक गुडघा आखडलेला, तोंडानं सतत कुणाला तरी शिव्या घालणारा म्हातारा. त्याचं नाव वेडेकिंड. त्यानं ह्या माकडटोपीवाल्याकडे खालून वर पाहिलं आणि मागच्या सीटवर हात आपटला. बस म्हणाला. एवढं कळायला जर्मन कशाला यावं लागतं?

गाडी जात होती डोंगरावरच्या कुरणात, वेडेकिंडच्या दोन घोड्यांकडे. माक्स आणि लीझेल. घोडे कसले, छोटे हत्तीच ते. एकेक खूर ताटाएवढा. जंगलात तोडलेले ओंडके ओढून रस्त्यावर आणायचं काम त्या दोघांनी आणि वेडेकिंडनं मिळून जन्मभर केलेलं. आता तिघंही रिटायर. कुरणात वर त्यांचा एका बाजूनं उघडा गोठा होता आणि घोडे मात्र खुशाल बाहेर उभे, पाठीवर चार बोटं बर्फ घेऊन. मुकी जनावरं, आणि हा माणूस त्यांना असं गारठवतो? त्यांनी आपली शाल काढून लीझेलच्या पाठीवर टाकली. वेडेकिंडनं ती काढली, यादवरावांचा हातमोजा ओढून काढला आणि त्यांचा उघडा हात घोडीच्या बर्फाखालच्या दाट केसांत खुपसला. आत ऊब होती, चुलीजवळ ठेवलेल्या गोधडीइतकी. आतली ऊब बाहेर जातच नव्हती, म्हणून तर वरचा बर्फ वितळत नव्हता. "गेनाऊ," वेडेकिंड म्हणाला. अगदी तस्सं. यादवराव बराच वेळ हात तिथंच ठेवून उभे राहिले.

त्या दिवसापासून यादवरावांची ड्यूटी सुरू झाली. सकाळी आठला हजर. पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडायचा, गवत सोडायचं, खूर पाहायचे. हा मराठीत बोलायचा, तो जर्मनमध्ये, आणि दोघांचं छान चालायचं. यादवराव रोज "जय भीम" म्हणून हात जोडायचे; डिसेंबरात वेडेकिंडही "याय भीम" म्हणायला लागला. मोकळ्या कुरणात एके दिवशी त्यानं यादवरावांना पुढे बसवलं आणि हँडल त्यांच्या हातात दिलं. यादवरावांनी घरी येऊन जेवतानासुद्धा हातमोजे काढले नाहीत. "ठेवा घालून," अंजनाबाई म्हणाल्या, "भाजी लागली तर धुऊन देईन."

पण ह्या सगळ्यावर एक टांगती तलवार होती आणि तिचं नाव हायके. ही वेडेकिंडची मुलगी, हॅनोव्हरला शाळेत शिकवायची. स्वभावानं वाईट नव्हती, बापाच्या काळजीनं पिचलेली होती. मागच्या हिवाळ्यात म्हातारा वर कुरणात पडला होता आणि दोन तास तसाच होता. तेव्हा तिनं बापाकडून शब्द घेतला: एक दिवस जरी चारा चुकला, तरी घोडे विकायचे. म्हातारा घरालगतच्या जुन्या तबेल्यात घोडे आणायला तयार नव्हता. तिथं आता ती गाडी, लाकडं आणि जन्माची अडगळ. शिवाय जनावरांना मोकळं आवडतं, आणि मला जमतं, हा त्याचा हेका. "घोडे विकायचे म्हणजे ह्या वयाचे कोण घेणार?" यादवरावांनी विचारलं. क्षमा म्हणाली, "खाटीक, बाबा." यादवरावांनी ताट बाजूला सारलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी कळलं, की उद्या हायके येणार आहे, सगळं नीट चाललंय का ते बघायला.

म्हणजे तपासणी. आणि तपासणी म्हटल्यावर एसटीच्या माणसाला जगात एकच गोष्ट सुचते: गाडी धुणे. मोठे साहेब डेपोत यायचे असले की आदल्या संध्याकाळी गाड्या अशा घासायच्या, की साहेबांना काचेत स्वतःचं टक्कल दिसलं पाहिजे. इथं तर मित्राच्या अब्रूचा प्रश्न. उज्ज्वल कामासाठी दूर नेकारसुल्म गावी गेलेला, क्षमा लायब्ररीत, वेडेकिंड दुपारचा आडवा झालेला. यादवरावांना अडवणार कोण? त्यांनी गाडी तबेल्यातून बाहेर काढून दारातच उभी केली आणि स्वयंपाकघरातून गरम पाण्याच्या बादल्या न्यायला सुरुवात केली.

"घरच्या सायकलला कधी फडकं मारलं नाही," अंजनाबाई गॅसवर पातेलं चढवत म्हणाल्या, "आणि इथं दुसऱ्याच्या गाडीला अभ्यंगस्नान."

"तू पाणी तापव."

भांडी घासायच्या साबणानं त्यांनी गाडी घासली. हँडल, सीट, रबराच्या पट्ट्याची खाच न् खाच, खालच्या स्प्रिंगा, सगळं. शेवटची बादली सढळ हातानं खाली ओतली. गाडी लखलखली. मग ती वाळायला तिथंच ठेवून ते हात चोळत घरात आले. बाहेर उणे बारा होतं.

उणे बारा तापमानात पाणी वाळत नाही, हे जालन्यात कुणी कुणाला सांगत नाही. तशी गरजच पडत नाही तिकडे.

रविवारी सकाळी पाहतात तर रात्रीतून मांडीएवढा बर्फ पडलेला आणि गाडी दगड झालेली. हँडल फिरेना, ब्रेक दबेना, पट्टा जमिनीला सिमेंटनं बसवल्यासारखा. वेडेकिंड गाडीभोवती एक फेरी मारून आला. खालचं साबणाचं गोठलेलं पाणी त्यानं बोटानं खरवडलं. मग यादवरावांकडे पाहिलं. एरवी दगडालासुद्धा शिव्या घालणारा माणूस, पण तोंडातून एक शब्द नाही. यादवरावांना वाटलं, ह्यानं आपल्याला दोन थोबाडीत द्याव्या, पण असं गप्प राहू नये.

तेवढ्यात हायकेची मोटार आली. ती उतरली, गाडी पाहिली, वर कुरणाच्या वाटेकडे पाहिलं. वाट नव्हतीच, नुसता पांढरा उतार. ती बापाशी हळू आवाजात बोलली, मग तिनं घोडे विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला. क्षमा धावत आली होती, पण यादवरावांनी तिला भाषांतर करू दिलं नाही. "राहू दे," ते म्हणाले, "कळलं मला." माझ्या हातानं झालं हे. दोन जीव माझ्या हौसेपायी चालले.

मग त्यांनी एक काम केलं. गवताचा भारा पाठीला बांधला आणि बर्फात पाय टाकला.

"अहो, वेडबिड लागलंय का?" अंजनाबाई दारातून ओरडल्या. यादवराव थांबले नाहीत. पाय मांडीपर्यंत आत जात होता, काढायचा, पुन्हा घालायचा. अर्ध्या चढावर छातीचा भाता झाला. मागून हायके आली आणि पुढे झाली. ती वाट तुडवायची, हे तिच्या पावलांत पाऊल टाकायचे. त्या बाईची पाठ रागानं ताठ होती, पण दर थोड्या वेळानं ती वळून यादवराव येतायत ना हे बघायची.

घोडे वर गोठ्यापाशीच उभे होते, नाकपुड्यांतून वाफ सोडत. यादवरावांनी गवत टाकलं, टाकीवरचा बर्फ फोडला. हायकेनं खुंटीवरचे दोर काढून दोघांच्या तोंडाला अडकवले. वरून अजून बर्फ येणार होता, उद्या इथं माणूस पोचणार नव्हता. आणि घोडे न्यायला व्यापाऱ्याचा ट्रक येणार तो खालच्या रस्त्यावरच. तिनं लीझेलचा दोर यादवरावांच्या हातात दिला. कशासाठी ते त्यांना कळत होतं. इतकी वर्षं माणसं पोचवली, अशी फेरी कधी त्यांच्या नशिबी आली नव्हती. उतरताना लीझेल आपली त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून चालत होती. यादवराव रडले. थंडीनं डोळ्यांत पाणी येतं, असं सांगायची सोय होती, म्हणून बरं.

खाली आल्यावर नवीन पंचाईत. घोडे रात्रभर ठेवायचे कुठे? तबेल्यात. आणि तबेल्याच्या दारात ही शिळा. हायकेनं ढकलून पाहिली, क्षमानं हात लावला, यादवरावांनी खांदा लावला. केसभर हलेना.

वेडेकिंड गाडीच्या कडेनं अंग चोरून आत गेला आणि अडगळ उपसण्याचे आवाज येऊ लागले. बाहेर आला तो चामड्याचं जुनं जोखड घेऊन, धूळ खाल्लेलं, कडेनं उसवलेलं. त्यानं ते माक्सच्या गळ्यात चढवलं. गुडघा दुमडेना, तर बर्फात बसूनच त्यानं साखळी गाडीच्या पुढच्या पट्ट्यांना अडकवली. म्हातारा उठला, घोड्याच्या कानाशी गेला आणि त्यानं एकच शब्द हलकेच उच्चारला.

माक्स पुढे झुकला. घाई नाही, झटका नाही. सगळं अंग त्यानं साखळीवर टाकलं आणि तसाच थांबला. कडकड आवाज झाला आणि गाडी सुटली, खालच्या रबराचा एक मोठा तुकडा जमिनीलाच ठेवून. वेडेकिंडनं पुन्हा काहीतरी म्हटलं, माक्स एक पाऊल डावीकडे सरला आणि गाडी अलगद भिंतीला जाऊन लागली. तोंडाचा दोर कुणी धरलासुद्धा नव्हता. म्हातारा लंगडत नव्हता असं नाही, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

हायके बापाकडे वळली. मग तिनं विचारलं, आणि ह्या वेळी यादवरावांनी क्षमाला भाषांतर करू दिलं.

"ती तिच्या बाबांना म्हणते, घोडे इथं तुमच्या खिडकीखाली असते तर मला कसली काळजी होती? तुम्हाला डोंगर चढायची हौस, म्हणून मी त्यांना विकायला निघाले होते."

"आणि तो काय म्हणतो?"

क्षमा हसली. "म्हणतो, गाडी होती ना. गाडी चालत होती तोवर मी खाली कशाला आणू?"

दुपारी सगळ्यांनी मिळून तबेला रिकामा केला. अंजनाबाईसुद्धा पदर खोचून आल्या. व्यापाऱ्याला फोन गेला, तो येऊ नको म्हणून. पण ह्या सगळ्या धांदलीत वेडेकिंड यादवरावांशी एक अक्षर बोलला नाही. काम करत राहिला आणि अंधार पडल्यावर दार लावून घेतलं. घोडे वाचले, मैत्री गेली, असा हिशोब करून यादवराव न जेवता झोपले.

सोमवारी आठला ते नेहमीच्या जाग्यावर नव्हते. जायचं कुठल्या तोंडानं? साडेआठला समोरून धाडधाड आवाज यायला लागला. कुणीतरी लाकडावर लाथा घालत होतं. अंजनाबाईंनी पडदा सरकवला. "जाऊन तर या," त्या म्हणाल्या. "फार तर शिव्या देईल. त्या तुम्हाला कळणार आहेत थोड्याच?"

यादवराव रस्ता ओलांडून गेले. तबेल्याच्या दारात वेडेकिंड उलट्या बादलीवर बसला होता. आत माक्स मान खाली घालून निवांत गवत चघळत होता. त्याची अर्धी पेंडी संपली होती. शेजारी लीझेल उपाशी, भडकलेली, फळीवर लाथा घालत होती. तिच्या वाटणीचं गवत तिच्यासमोर हातभर अंतरावर तसंच बांधलेलं पडलं होतं.

वेडेकिंडनं यादवरावांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उशिराबद्दल मनसोक्त शिव्या घातल्या. मग गवताकडे बोट दाखवलं. लीझेलला त्यानं अजून चारा घातलाच नव्हता.