मामांच्या दुकानातलं कच्चं बिल

परवा रविवारी सेलूच्या बाजारात बस्त्याला गेले होते. भाच्याचं लग्न ठरलंय. एका मोठ्या कापड दुकानात गादीवर बसले, समोर साड्या पडायला लागल्या... आणि साड्या उलगडणाऱ्या माणसाकडे माझं लक्ष गेलं.

ते आमचे मामा होते. खरं नाव नको, वसंतमामा म्हणू या. सख्खे मामा नव्हेत, आईच्या माहेरचे, पेडगावचे, म्हणून मामा. याच बाजारात, थोडं पुढे, मागच्या दिवाळीपर्यंत त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचा टॅक्स पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो, त्यामुळे बिल न देणाऱ्या दुकानदारांवर माझा भारी राग. साधा टॉवेल घेतला तरी मी पक्कं बिल मागणार! मी मामांच्या दुकानात पाय ठेवला की ते ओरडायचे, "धाड आली रे, धाड! पक्क्या बिलाचं पुस्तक काढा!" सगळं दुकान हसायचं... मीसुद्धा.

बाकी गिऱ्हाइकांना मात्र ते विचारायचे, कच्चं देऊ का पक्कं? कच्चं म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर आकडा, जीएसटी नाही, चार पैसे स्वस्त. लोक कच्चंच घ्यायचे. तसं विकायचं म्हणून मामा मालही बराचसा बिनबिलाचाच आणायचे. बाजारात बहुतेकांचं तसंच चालतं.

यावरून आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, सरकारनं तपासणीला माणसं वाढवावीत, एकही दुकान सोडू नये. मामा म्हणायचे, "अगं, धाडी वाढवल्यावर मरतंय कोण? बारका! मोठ्याच्या दारात साहेबाची गाडी थांबत न्हाई, आन् आमच्या दारातून हालत न्हाई." त्यांचंही खोटं नव्हतं. मग मामी चहा आणायची आणि विषय तिथंच राहायचा.

मागच्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर त्या दुकानाला आग लागली. शॉर्टसर्किट झालं म्हणाले. सणाचा माल छतापर्यंत भरलेला... अग्निशमनची गाडी येईपर्यंत काही उरलं नाही. कुणाला इजा झाली नाही, तेवढंच नशीब.

दुकानाचा विमा होता. त्यामुळे सुरुवातीला मामा धीरानं होते, उलट रडणाऱ्या मामीला तेच समजावायचे. मग कंपनीचा माणूस आला आणि त्यानं खरेदीची बिलं मागितली, जीएसटीचे रिटर्न मागितले. कागदावर निम्मासुद्धा माल दिसेना. बिनबिलाचा जो काही होता, तो विमा कंपनीच्या लेखी दुकानात आलाच नव्हता... मग त्याची भरपाई कोण देणार?

पण ज्या ठोक व्यापाऱ्यांनी तो उधारीवर दिला होता, ते बरोबर दारात येऊन उभे राहिले. विम्याचं जे काही हातात पडलं ते त्यांना देण्यातच गेलं. पुन्हा माल भरायला काही शिल्लकच राहिलं नाही आणि मामांनी गाळा सोडून दिला.

त्या दिवसांत एकदा भेटायला गेले तर मामा जळक्या शटरसमोर पायरीवर बसलेले. मला बघून हसायला गेले, पण जमलं नाही.

"इतकी वर्सं चेष्टेनं म्हणायलो, धाड आली, धाड आली. एकदा खरीच यायला पायजे होती, पोरी. दंड भरला असता, लय बोंबललो असतो, तुला चार शिव्या घातल्या असत्या... पर त्या भ्यानं पुढचा माल तरी बिलावर आणला असता."

वर्षानुवर्षं मी हेच तर सांगत होते, आणि ते खरं ठरलं तेव्हा इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

तर परवा मामांनी मला "ताई" म्हटलं. "ताई, ह्यो रंग बगा, तुमच्यावर खुलून दिसंल." मालक गल्ल्यावर बसला होता ना... मीही मामा म्हणून हाक मारली नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून. मग साड्या कसल्या बघतेय, पहिल्या समोर आल्या त्याच बाजूला काढल्या.

पैसे द्यायला गेले तर मालक म्हणाला, "कच्चं करू ना ताई? तेवढेच वाचतील तुमचे." मी तोंड उघडायच्या आत मागून मामा बोलले, "त्यांना पक्कं लागतंय, मालक." आणि मग जरा हळू, "समद्यांनाच देत जावा पक्कं... माझं बगितलं न्हाई का तुमी?"

मालक हसला. "मामा, तुम्ही त्या साड्यांच्या घड्या घाला आधी." मामा खाली मान घालून घड्या घालायला लागले.

बाहेर आले आणि स्कूटीपाशी उभी राहून रडले. भर बाजारात. लोक बघत होते, बघू देत!

धाडी वाढवाव्यात का, यावर मी अजूनही भांडेन. माणसं वाढवा, मोठ्यांच्या दारातही पाठवा, लहान दुकानदाराला आधी समजावून सांगा. पण पूर्वीसारखं तावातावानं आता बोलवत नाही. तो हसणारा मालकसुद्धा लेकराबाळांचा आहे, त्याचंही दुकान लग्नसराईच्या मालानं गच्च भरलंय... त्याच्याकडे तपासणीला कुणीतरी वेळेत जावं, एवढंच वाटतं.

आणि मामा, तुमची नात तुम्हाला हे वाचून दाखवेलच. ब्लाऊजपीस घ्यायला मी परत येणार आहे त्या दुकानात. मालक समोर असला तरी असू दे... मी पायरी चढले की एकदा मोठ्यानं ओरडा, "धाड आली!"