प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं माहीत होतं — हे एवढं एक सोडून. ती गेली, तरी सांगितलं नाही. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आपला बाप खोटं लिहीत नाही, हे ऐकतच ती मोठी झाली. गेल्या महिन्यात एका माणसाला सांगितलं. तुम्ही दुसरे. आणि खरं सांगू? त्याला सांगून आल्यापासून मला दुपारची झोप लागायला लागली आहे. म्हणून हातासरशी कागदावरही उतरवतो.

कुठून सुरू करू? वहीपासून करतो.

तेलगावात आमचं सिमेंट-लोखंडाचं दुकान. मी लिंगायत वाणी — कपाळाला भस्म, तोंडात साखर. लोक मला आप्पा म्हणायचे, अजून म्हणतात. नव्वदनंतरची ती वर्षं आठवा. सिमेंटसाठी खेटे घालायचे दिवस संपले होते, उसाचा-कापसाचा पैसा गावात फिरत होता, आणि त्यातच तिकडे लातूरकडे भूकंप झाला. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर, आणि दर वर्षी त्यावर आणखी माती. त्या मातीखाली माणसं दबल्याच्या बातम्या आल्या आणि जो तो झोपताना वर बघायला लागला. माळवद उतरवा, स्लॅब टाका! पण टाकणार कोण? काल बैल हाकणारा आज हातात थापी धरून मिस्त्री झालेला. कुणी काम अर्ध्यावर टाकून पळाला, कुणाचा स्लॅब पहिल्याच पावसाळ्यात गळला. गिऱ्हाईक सिमेंट घ्यायला यायचं आणि म्हणायचं, "आप्पा, भरवशाचा माणूस सांगा की."

मी सांगायचो. फुकट सांगायचो. आणि फुकटचं कोण ऐकतं?

म्हणून मी एक लांब वही आणली. एकेका कारागिराला एकेक पान — गवंडी, सुतार, नळवाला, वायरिंगवाला. काम होऊन एक पावसाळा गेला की त्या घरी जायचं, बघायचं, दोन ओळी लिहायच्या. ज्याला वही वाचायची आहे त्याने पाच रुपये ठेवायचे. पाच रुपये ठेवलेला माणूस लक्ष देऊन वाचतो. कारागिराकडून मात्र चहासुद्धा घ्यायचा नाही, हा माझा नियम. आणि पहिल्या पानावर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं — प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे.

वही चालली. पार चकलांब्याहून लोक एसटीने यायचे. मुलीच्या स्थळाची करावी तशी मिस्त्रीची चौकशी करायचे — पितो का, शब्दाला पक्का आहे का, आधीच्या घरी काय झालं. मी चष्मा लावून पान उघडून द्यायचो. त्या क्षणी मला न्यायाधीश झाल्यासारखं वाटायचं. का खोटं बोलू? फार बरं वाटायचं.

आता — सांगायचं आहे ते. म्हणजे अजून ते नाही, पण त्याच्या शेजारचं.

मला शिडी चढता येत नाही. भीती वाटते. तिसऱ्या पायरीला तळहात ओले होतात, चौथीला पाय माझे राहत नाहीत. दुकानातल्या वरच्या फळीवरचा माल मी जन्मात काढला नाही. गुडघा दुखतो म्हणायचो. गुडघा ठणठणीत होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. उंचीला भिणारी माणसं पुष्कळ असतील, पण ती पाच रुपये घेऊन छतांची खात्री देत बसत नाहीत.

भिंती मी बघितल्या. दारं उघडून, लावून बघितली. नळ सोडून बघितले. गच्चीवर — एकदाही गेलो नाही. खालून छताकडे मान वर करायची, घरच्यांना विचारायचं आणि लिहायचं. बहुतेक वेळा बरोबर निघालं. घरचे खरं बोलायचे म्हणून निघालं, माझ्यामुळे नव्हे.

लिंबाजी मिस्त्री हा त्या वहीतला सगळ्यात चांगला गवंडी. त्याचा कोबा पंचक्रोशीत नावाजलेला. कोबा म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे, चुना आणि सिमेंट ठोकून केलेला थर. पाणी त्यावर थांबत नाही, उताराने पन्हाळीकडे जातं आणि बाहेर पडतं. काम संपलं की लिंबाजी तांब्याभर पाणी गच्चीच्या मधोमध ओतायचा आणि उकिडवा बसून राहायचा. पाणी आपलं आपण वाट काढत पन्हाळीपर्यंत पोचलं की उठायचा. मला म्हणायचा, "पान्याला इचारायचं, आप्पा. मानसाला न्हाई." त्याच्या पानावर चार शेरे होते, चारही चांगले.

पाचवं घर आमच्या गावातल्या गुरुजींचं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, घराचा कारभार मुलाच्या, सुभाषच्या हाती. श्रावणात सुभाष दुकानात आला तो तणतणतच. "तुमच्या वहीवर इश्वास ठिवला, आप्पा, अन् मधल्या खोलीत बादली ठिवायची पाळी आली!"

मी गेलो. अंगणात भिंतीला बांबूची शिडी लावलेली, पावसाने भिजलेली. सुभाष म्हणाला, चढा. मी म्हणालो, आधी खालून बघू. मधल्या खोलीत छताला ओल आलेली होती, थेंब पडत होते. तिथेच रंगीत टीव्ही चालू होता, क्रिकेटची मॅच होती. गुरुजींच्या घरावर गावातली पहिली टीव्हीची छत्री, म्हणजे डिश अँटेना होती — जनावरांच्या पाण्याच्या हौदाएवढी, आभाळाकडे तोंड केलेली. रस्त्यावरून दिसायची. सुभाषने ती मिरगाच्या आधीच बसवली होती. येताना मीही मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं, सगळे बघायचे तसं. मी बसलो, चहा घेतला, चार षटकं बघितली. उठताना सुभाषने विचारलं, "वर?" मी म्हणालो, "कशाला? कळलं मला."

काय कळलं होतं?

दुकानात येऊन लिहिलं — कोबा कच्चा. स्लॅब गळतो. छताचे काम देऊ नये.

तिसऱ्या दिवशी लिंबाजी आला. दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं होती. तो आरडाओरडा करायला आलेला नव्हता, हे आधी सांगतो. सुभाषने त्याला अंगणातूनच परत लावलं होतं, शिडीला हातही लावू दिला नव्हता. लिंबाजी काउंटरपाशी उभा राहिला आणि सरळ साधं विचारलं, "आप्पा, तुमी वर गेलता का?"

इथे मी थांबतो जरा.

किती सोपं होतं? "नाही मिस्त्री, चल, दोघं जाऊ" — एवढंच म्हणायचं होतं. सुभाषने मला अडवलं नसतं. लिंबाजी चढला असता, मी खाली शिडी धरून उभा राहिलो असतो. पण पाच-सात माणसं बघत होती आणि वही काउंटरवर होती.

मी म्हणालो, "गेलतो."

"कुठून फुटलंय?"

त्याने असं विचारायला नको होतं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. जणू चूक त्याची! मी म्हणालो, "पन्हाळीपाशी." का पन्हाळीपाशी? सगळ्यांच्या गच्च्या तिथेच गळतात, असं ऐकलेलं. तोंडाला आलं ते सांगितलं.

लिंबाजीने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या दिशी अंगात ताप हुता माझ्या. तरीबी तेवढा कोपरा मीच ठोकला, दुसऱ्याच्या हाती दिला न्हाई." आणि जाता जाता म्हणाला, "बरं केलं लिव्हलं ते."

त्याने भांडायला हवं होतं. मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला — मी काय करू?

त्यानंतर लिंबाजीने छताचं काम घेतलं नाही. कुणी बोलवायला गेलं तर तोच सांगायचा, "माझा हात गेलाय." ओटे, गोठे, न्हाण्या — जमिनीवरची तेवढी कामं करायचा. आणि आता हे ऐका, हे मला सगळ्यात जड जातं. जो त्याच्याकडे येईल त्याला तो माझ्याकडे पाठवायचा. म्हणायचा, "आप्पाची वही बघा. आप्पा कुनाला सोडत न्हाई. माझं वाईट लिव्हलं, पर खरं लिव्हलं." लोक येऊन मला हे सांगायचे. वहीचं नाव त्यामुळे झालं. दोन वर्षांनी तो तेलगाव सोडून कडा या गावी, मुलाकडे गेला. जाताना दुकानात येऊन भेटून गेला.

तो गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात सुभाषने ती छत्री उतरवली. ती गच्ची दुरुस्त करणारा दुसरा मिस्त्री सिमेंट घ्यायला आला, हसतच आला. छत्री बसवताना चार बोल्टांसाठी कोबा फोडून पार स्लॅबच्या सळईपर्यंत भोकं पाडली होती म्हणे. पाणी तिथून आत उतरायचं. "पन्हाळीचा कोपरा काय ठोकलाय, आप्पा! छन्नी लागंना. त्याला हातबी लावला न्हाई मी." दुकानातले सगळे हसले. सुभाषच्या छत्रीने घरातच पाऊस पाडला म्हणून.

मीही हसलो.

दुपारी लिंबाजीचं पान उघडलं. पेन हातात घेतलं. पण हे दुरुस्त करायचं म्हणजे कुणीतरी विचारणारच — आप्पा, तुम्ही वर गेला होतात ना? मग छत्रीखालचा फोडलेला कोबा दिसला नाही? आणि मग पहिल्या पानावरची ओळ, आणि मग बाकीची सगळी छतं. मी वही मिटली. ती पुढे कितीतरी वर्षं चालली. मी पाच रुपयांचे दहा केले.

गेल्या महिन्यात सूनबाई माळ्यावरचं सामान काढत होती. वही सापडली. तिने पहिलं पान मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "किती सचोटी होती हो तुमची, आप्पा." मी वही तिच्या हातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन निघालो. ती मागून ओरडतेय, "कावून चाललात एवढ्या उन्हात?" बीडला गाडी बदलून कड्याला उतरलो, विचारत विचारत घर काढलं.

लिंबाजी ओट्यावर बसलेला. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. शिडी सांगितली, मॅच सांगितली, पन्हाळ सांगितली, बोल्ट सांगितले.

तो म्हणाला, "म्हंजी पन्हाळीपाशी गळत न्हवतं?"

"नाही."

"पक्कं?"

"छन्नी लागली नाही तिथं."

तो आत तोंड करून ओरडला, "अगं ए! ऐकलंस का? पन्हाळीपाशी गळत न्हवतं!"

त्याची बायको पिठाच्या हाताने बाहेर आली. पुन्हा सगळं सांगावं लागलं. ऐकून तिने बोट वर केलं आणि म्हणाली, "मंग ह्या पत्र्याखाली भाजून काढलं आमाला ते कावून?" तेव्हा मी पहिल्यांदा वर बघितलं. भिंती विटांच्या, सुरेख, ओळंब्यात सरळ — आणि वर पत्रे. इथे येऊन बांधलेल्या स्वतःच्या घरावर त्याने स्लॅब टाकला नव्हता. स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता आणि दुसऱ्याचा हात घराला लागू द्यायचा नव्हता. पोरगा दर वर्षी म्हणायचा, हा ऐकायचा नाही. "तुमी दारात आलाव म्हून पानी देते, आप्पा," ती म्हणाली. "चहा मातर न्हाई." बरोबर होतं तिचं.

लिंबाजी हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "माझा हात चांगला हुता की गं," म्हणाला. तिला म्हणाला, मला नव्हे. मग दोघं बोलायला लागली — स्लॅब किती इंचाचा, उतार कोणीकडे, पोराला आज सांगायचं का उद्या. माझी तिथे गरज नव्हती. त्याने माफ केलं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. गाडीच्या वेळेपर्यंत त्या पत्र्याखाली बसलो. दोन तांबे पाणी प्यालो, दोन्ही घामात गेले.

येताना बसमध्ये मला हलकं वाटत होतं. हे वाटणं मला शोभत नाही, कळतं मला. तरी वाटत होतं, तर तेही लिहून ठेवतो.

घरी येऊन पहिल्या पानावरच्या ओळीवर काट मारली. मग लिंबाजीचं पान उघडलं, जुन्या शेऱ्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं. अक्षर अजून वाचता येतं —

लिंबाजी मिस्त्री. कोबा पक्का. गळती छत्रीच्या बोल्टांची होती. हे दुसऱ्याकडून ऐकून लिहिले आहे. मी वर चढलो नव्हतो.